पाण्यावरचा तवंग

बोट बघायला गेलो तेव्हा इंजिनखालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, त्याच दिवसाचं. इंजिनाला ताजा हिरवा रंग. रत्नागिरीकडच्या एका छोट्या बंदरात उभी असलेली चोवीस फुटी फायबरची बोट, आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. मला आणि दाजींना ती बोट जिवापाड सांभाळलेली वाटली. आज कुणी मला जुनी बोट बघायला सोबत नेलं, तर मी आधी तो कागद उचलीन आणि मग नखानं रंग खरवडून बघीन. विकण्याआधी इंजिनाला रंग दिला की इंजिन चांगलं दिसतं, आणि तेलाचे ओघळही झाकले जातात. अंगावर काळे ओघळ असलेलं, न रंगवलेलं इंजिन मला आता जास्त भरवशाचं वाटतं. निदान ते कुठं दुखतंय हे तरी सांगतं.

मालकानं दहा मिनिटं इंजिन चालवून दाखवलं. आवाज सरळ होता, धूर फारसा नव्हता. पण दहा मिनिटांत तेल नीट तापत नाही. थंड तेल घट्ट असतं, बारीक फटीतून बाहेर येत नाही. जुनं इंजिन तासभर, तेही बोट खुंटाला बांधून गिअर टाकून, म्हणजे भार देऊन चालवायला लावायचं. हे आम्ही केलं नाही.

ट्रकवर बोट आली ती आंबा घाट, कोल्हापूर, सांगोला, पंढरपूर, टेंभुर्णी करत करमाळा तालुक्यात, आमच्या गावच्या घाटावर. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण 1980 साली पुरं झालं, त्याच्या आधीच आजोबांनी बिऱ्हाड वर हलवलं. आता मी सोलापुरात राहतो, बहीण आणि दाजी गावाकडंच. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना फिरवायचं आणि एरवी पलीकडं इंदापूरच्या बाजूला जाणारी माणसं न्यायची, असा दाजींचा विचार. पैसे निम्मे निम्मे. इंजिनातलं मला थोडंफार कळतं, म्हणून त्याचं मी बघायचं ठरलं.

तिसऱ्या आठवड्यात दाजींचा फोन आला. "पाव्हणं, इंजिन तेल खातंय बघा. दहा तास चाललं, अन् मोजायच्या पट्टीवर तेल खालच्या खुणेला आलं."

शनिवारी गेलो. सकाळी पाणी आरशासारखं शांत होतं. त्यामुळेच ते दिसलं. बोटीच्या मागं, पाणी उपसायच्या पंपाचं तोंड जिथं बाहेर निघतं तिथून, रंगीत तवंग पसरलेला. जांभळा, हिरवा, पिवळा. मटणाच्या रश्श्यावर तवंग बघायची सवय असलेला मी माणूस, पण हा बघून पोटात गोळा आला. कारण सोपं आहे. रस्त्यावरच्या गाडीचं तेल गळलं तर डांबरावर डाग पडतो. बोटीचं तेल आधी तळाशी साचलेल्या पाण्यात पडतं, आणि तळात पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू होऊन ते सगळं बाहेर फेकतो. बाहेर म्हणजे उजनीत. हेच पाणी पाइपलाइननं सोलापूरला येतं. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळ येतो. बायको रात्री दोनला उठून जी पिंपं भरते, त्यात हेच पाणी असतं.

म्हणून गळती शोधायच्याही आधी मी पंपाच्या आपोआप चालणाऱ्या स्विचची वायर काढली. गळती सापडेपर्यंत तळाचं पाणी हातानं डब्यात उपसायचं, आणि बोटीवर माणूस नसेल तेव्हा बोट ओढून काठावर ठेवायची. तळातलं तेल टिपायला आधी सोलापूरहून नेलेलं कॉटन वेस्ट टाकलं. यंत्रमागांच्या आमच्या शहरात ते पोत्यानं मिळतं. पण साधं सूत तेलाबरोबर पाणीही पितं, लगेच जड होतं आणि तेल तिथंच राहतं. बहिणीनं माळ्यावरची एक जुनी उशी आणून दिली, सावरीच्या कापसाची. या कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेणचट थर असतो. तो पाण्याला जवळ येऊ देत नाही, तेल मात्र स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट शोषून घेतो. जुन्या साडीच्या तुकड्यात मूठ मूठ कापूस बांधून चार पुरचुंड्या तळात सोडल्या. दुपारपर्यंत त्या काळ्या झाल्या आणि पाणी स्वच्छ दिसायला लागलं. घाटावरच्या एकानं भांड्याचा साबण ओता, तवंग लगेच जातो, असं सांगितलं. तवंग दिसेनासा होतो हे खरं, पण तेल जात नाही. त्याचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खोल मिसळतं, आणि मग ते कुणालाच टिपता येत नाही. साबण ओतू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

आता गळती. जवळच्या गावातला ट्रॅक्टरचा मिस्त्री आला, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या, खाली हात घातला, काळा झालेला हात दाखवला आणि म्हणाला, मागचं सील गेलं, इंजिन उतरवावं लागतंय. क्रँकच्या, म्हणजे पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, तेल अडवणारी जी रबरी कडी असते, ते ऑइल सील. सील तीन-चारशे रुपयांचं, पण तिथपर्यंत पोचायचं तर गिअरबॉक्स सुटा करायचा, इंजिन उचलायचं. मजुरी, वाहतूक, परत बसवणं धरून वीस हजारांच्या पुढं. त्या रात्री मी खरंच हिशोब मांडून बसलो होतो.

सोलापूरला परत आल्यावर अण्णांकडं गेलो. अण्णा आधी सूतगिरणीत फिटर होते, आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. पंपसेट, ट्रॅक्टर, जनरेटर, काहीही उघडतात. बोट त्यांनी उभ्या आयुष्यात दुरुस्त केलेली नाही. मी फोटो दाखवले, मिस्त्रीचं म्हणणं सांगितलं.

"मागं तेल दिसलं म्हणून मागंच गळतंय, हे कोण सांगितलं बे तुला?" अण्णा म्हणाले. "तेल खाली जातं. आणि पंख्यानं, फ्लायव्हीलच्या वाऱ्यानं मागं जातं. वर कुठं सुटलं तरी शेवटी तिथंच जाऊन गोळा होणार. वरनं सुरू कर."

मी विचारलं, इंजिन धुऊन घेऊ का. "धू. पण आधी बघ. कुठं जाड घाण बसलीय, कुठं पातळ, कुठं ओली, कुठं सुकी. फोटो काढ. मग धू."

पुढच्या शनिवारी मी तसंच केलं. आधी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन फोटो. मग ग्रीस काढायचं द्रावण ब्रशनं लावून, खाली मोठं घमेलं ठेवून, सगळं इंजिन पुसून कोरडं केलं. डिझेलनं धुतलं असतं तर स्वस्तात झालं असतं, पण डिझेलचा ओलावा दोन दिवस राहतो आणि नवी गळती कुठली ते कळत नाही. नंतर अण्णांनी सांगितलेली युक्ती: घरातली टाल्कम पावडर मऊ ब्रशनं इंजिनाच्या सगळ्या अंगावर उडवायची. पांढऱ्या अंगावर तेलाची पहिली रेघ उमटली की ती कुठून निघाली ते स्पष्ट दिसतं. बोट खुंटाला बांधली, इंजिन सुरू केलं, पंधरा मिनिटांनी गिअर टाकून भार दिला आणि मी गुडघ्यावर बसून बघत राहिलो.

पहिली रेघ विसाव्या मिनिटाला उमटली, अगदी वर, हेड कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, कोपऱ्यातून. कव्हर उघडलं तर कॉर्कचं गास्केट, म्हणजे सांध्यात तेल अडवणारी पट्टी, वाळून चुरा झालेलं, आणि आधीच्या कुणीतरी गळती थांबवायला बोल्ट इतके आवळलेले की पत्र्याची कड भोकांपाशी आत दबलेली. असं कव्हर जितकं आवळाल तितकं दोन बोल्टांच्या मधे वर उचलतं आणि तिथूनच तेल सुटतं. कड सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ केली, नवं गास्केट टाकलं, बोल्ट मधून कडेकडे थोडे थोडे करून आवळले. गास्केटला सिलिकॉन मी लावला नाही. आधीच्या माणसानं बचकभर लावला होता. त्याचे तुकडे सुटून खाली गेले तर चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यातल्या, तेल ओढायच्या जाळीवर बसतात आणि इंजिनाला तेलच पोचत नाही.

दुसरी रेघ चकवणारी होती. ऑइल प्रेशरच्या स्विचला जी वायर लागते तिच्यावरून तेल ओघळत खाली चाललं होतं. स्विचचे आटे कोरडे, तेल येत होतं ते स्विचच्या पोटातून, मधल्या पिनेच्या फटीतून. आतला पडदा फाटला की असं होतं. तेलाला इथं पूर्ण दाब असतो, त्यामुळे भोक केसाएवढं असलं तरी तास-दोन तासांत वाटीभर तेल जातं. नवा स्विच साडेतीनशे रुपयांना सोलापुरात मिळाला.

एवढं केल्यावर गळती निम्म्यावर आली. दाजींनी वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली होती: तारीख, किती तास, पट्टीवर किती कमी, किती भरलं. आधी दहा तासांना सातशे मिली जात होतं, आता साडेतीनशे. तरी मागून तेल येतच होतं, आणि मलाही वाटायला लागलं की मिस्त्री बरोबर होता.

अण्णांनी फोनवर विचारलं, "ब्रीदर बघितलास काय?"

नव्हता बघितला. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच, प्रत्येक इंजिनात. त्याला बाहेर जायला एक नळी असते, तो ब्रीदर. ती नळी तुंबली की आत दाब वाढतो आणि तो दाब तेलाला जिथं जागा मिळेल तिथून बाहेर ढकलतो. चांगली सीलंसुद्धा मग पाझरतात. तपासायची रीत साधी आहे. इंजिन मंद चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढायचं आणि त्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरायची. आमची पिशवी फुग्यासारखी टम्म फुगली. ब्रीदरची नळी काढून तार घातली तर निघाली माती. कुंभारीण माशीचं घर! बंदरात पावसाळाभर बोट उभी होती, त्या काळात तिनं नळीच्या तोंडात घर बांधलं असणार. चिमूटभर माती, आणि तिच्यापायी मी इंजिन उतरवायला निघालो होतो. नळी साफ करून परत पिशवी धरली. आता ती नुसती फडफडत होती. ब्रीदर मोकळा करूनही पिशवी तशीच फुगली असती, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं धरून चालावं लागलं असतं. तो खर्च वेगळा आणि मोठा. नळीच्या तोंडाला आता बारीक जाळी बांधली आहे.

गळती दहा तासांना शंभर मिलीवर आली. इथं पुष्कळ जण थांबले असते. मीही थांबलो असतो, पण दोन गोष्टी मनातून जात नव्हत्या. एक, वरची पावडर आता दिवसभर पांढरी राहत होती आणि तरी ट्रेमध्ये तेल येत होतं. दुसरी, 21 मे 2024 ची संध्याकाळ. कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती वाऱ्यानं गेली, इंजिनानं नव्हे. पण आमच्या भागात तेव्हापासून पाण्यावर जाताना प्रत्येक जण आधी आभाळाकडं बघतो. वारा सुटल्यावर बोट काठाला आणायला इंजिन हवं, आणि तेल कमी असलेलं इंजिन लाटांवर बोट कलली की तेलाऐवजी हवा ओढतं. बेअरिंगं जायला मग वेळ लागत नाही. माणसं बसवायची तर शंभर मिली म्हणजे थोडकं, असं म्हणता येत नाही.

आरसा इंजिनाच्या पोटाखाली घातला. चेंबर हिरव्या रंगात गुळगुळीत दिसत होतं. मागच्या बाजूला, तळाच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यात, रंगाला फोड आलेले. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते पापडात जावं तसं आत गेलं. भोकातून तेलाची धार लागली. दाजींनी पळत जाऊन बादली आणली.

सगळ्या प्रकरणाचं मूळ ते होतं. समुद्रातल्या बोटीच्या तळात खारं पाणी साचतं. इंजिन खाली बसवलेलं असेल तर चेंबरचा खालचा कोपरा त्या पाण्यात भिजत राहतो. बाहेरून गंज चढतो, पत्रा कागदासारखा होतो आणि मग सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. गंजावरच रंग दिला की ती भोकं काही महिने झाकली जातात. गाडीच्या मिस्त्रीला हे सुचत नाही, कारण गाडीचं चेंबर कधी पाण्यात बसलेलं नसतं. बोट घेताना आरसा आणि टॉर्च घेऊन पोटावर झोपून हा एक कोपरा मी बघितला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

शेवटी इंजिन उतरवावंच लागलं. चेन पुली लावून उचललं, टेम्पोत घातलं आणि सोलापूरला अण्णांच्या दारात आणलं. जुन्या चेंबरला वेल्डिंग करून बघू म्हटलं, तर अण्णांनी हातोडीनं बाजूला टक टक करून दाखवलं. आवाज जागोजागी बसका. इतक्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, एक भोक बुजवताना शेजारी दुसरं पडतं. मग जुन्याच्या मापानं तीन मिलीमीटर पत्र्याचं नवं चेंबर बनवलं, वरची फ्लँज, म्हणजे बोल्ट बसायची कड, जाड पट्टीची. वेल्डिंगची परीक्षा कशी घेतली ते मला फार आवडलं. सांध्यांना बाहेरून खडूची पातळ पेस्ट लावून वाळवली, आत रॉकेल ओतलं आणि रात्रभर ठेवलं. रॉकेल तेलापेक्षा कितीतरी पातळ, जिथं फट असेल तिथून ते बाहेर येणारच आणि खडूवर डाग उठणार. सकाळी एका कोपऱ्यात चवलीएवढा डाग होता. तेवढं परत वेल्ड केलं, परत रात्रभर रॉकेल. दुसऱ्या सकाळी खडू कोरडा.

इंजिन उघडंच होतं, तर मागचं सीलही बदललं. जुनं सील हातात घेतलं तर त्याचा ओठ, म्हणजे क्रँकला टेकणारी रबरी कड, कडक झालेला, वाकवला की चिरत होता. सीलवर तीन आकडे छापलेले असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. तेवढे घेऊन दुकानात गेलं की काम होतं, इंजिनाचं नाव सांगत बसायला नको. बसवताना ओठ तेलाच्या बाजूला, आणि ओठाला आधी तेल लावायचं, कोरडा ओठ पहिल्याच फेऱ्यात भाजतो. क्रँकवर जुन्या ओठानं बारीक चर पाडली होती. नवा ओठ त्याच चरीवर बसला तर परत गळणार, म्हणून अण्णांनी सील दोन मिलीमीटर आत ठोकलं, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. तेल सोडायच्या बोल्टचा तांब्याचा वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला. तांबं असं केल्यानं मऊ होतं आणि पुन्हा नीट दबतं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगायलाच हवी. तेलाचा फिल्टर बदलताना जुन्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि मी तिच्यावरच नवा फिल्टर चढवला. वर्कशॉपच्या स्टँडवर इंजिन सुरू केलं आणि दोन रिंगांच्या मधून तेलाचा फवारा थेट भिंतीवर. अण्णांनी क्षणात इंजिन बंद केलं. काही बोलले नाहीत, फक्त जुनी रिंग काढून माझ्या हातात दिली. पाण्यावर झालं असतं तर पाच लिटर तेल बोटीत आणि इंजिन मध्येच बंद.

नवं चेंबर पांढरं रंगवलं, खाली इपॉक्सी प्रायमर. पांढरं अशासाठी की थेंब आला तर दिसावा. इंजिनाचे पाय पाऊण इंच उचलून घेतले, म्हणजे तळातलं पाणी चेंबरला टेकणार नाही. पाय उचलल्यावर बोटीच्या पंख्याकडं जाणाऱ्या शाफ्टची रेघ बदलते. गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमध्ये चारी बाजूंनी फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून ती जुळवायला पूर्ण दिवस गेला. सगळा खर्च सव्वीस हजारांच्या आसपास झाला, त्यात चेंबर साडेचार हजार आणि टेम्पोच्या दोन्ही फेऱ्या सहा हजार.

निघालेलं जुनं तेल दाजी गावाकडं नेणार होते, वाळवीसाठी कुंपणाच्या लाकडांना लावायला. सगळेच लावतात. मी त्यांना अडवलं. ती लाकडं धरणाच्या काठावर आहेत. पहिल्या पावसात ते तेल वाहून खाली येणार, आणि आपण दोन महिने ज्या पाण्यासाठी धडपडलो त्याच पाण्यात जाणार. अण्णांच्या वर्कशॉपमध्ये जुन्या तेलाचं पिंप आहे, ते भरलं की शुद्धीकरण करणारे घेऊन जातात. दाजींना पटलं. काळ्या झालेल्या सावरीच्या पुरचुंड्याही त्यांनीच पिशवीत भरून सोलापूरला पाठवल्या.

डिसेंबरात बोट परत पाण्यात उतरली. पंपाच्या स्विचची वायर मी लगेच जोडली नाही. आधी वीस तास चालवली, तळ हातानं उपसला, उपसलेलं पाणी पांढऱ्या बादलीत घेऊन उन्हात धरलं. त्यावर रंग नव्हता. मग वायर जोडली.

दाजींच्या वहीत शेवटची नोंद अशी आहे: 42 तास, पट्टी वरच्या खुणेला, भरलं शून्य. खाली त्यांनी लिहिलंय, "पाण्याच्या पंपाच्या शाफ्टजवळ एक थेंब, तेल नाही, पाणी आहे, चाखून बघितलं." मी त्यांना फोन करून सांगितलं की इंजिनाजवळचं काही चाखू नका, आणि त्या पंपाचं सील सोमवारी पाठवतो.